साठ शिंपले

"या ना मावशी, आत या," जीवशास्त्राच्या लतिका मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या हातातली काचेची डिश सुटता सुटता राहिली. प्रयोगशाळेच्या दारात उभी होती ती माझी बायको, गुणवंती.

मी या कॉलेजात शिपाई. गिरण्यांच्या संपानंतर तीन वर्षं मी घरी बसून होतो, तेव्हा हीच खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायची आणि दादरला नेऊन विकायची. अजूनही विकते. कॉलेजात मात्र मी सांगून ठेवलं होतं, मिसेस घरीच असतात. का? लाज वाटायची, दुसरं काय!

तिने पाहिलं मला. मी पटकन नळाकडे वळलो.

मॅडमनी टेबलावर साठ रिकामे शिंपले मांडले. "तुम्ही बाजारात म्हणालात ना, यात दोन जाती आहेत? मी मापं घेऊन वेगळे केले. पण आतल्या मांसाची जनुकं तपासून आली, तर माझे अकरा चुकलेत. आता तुम्ही बघा."

गुणवंतीने हात पदराला पुसले. एकेक शिंपला उचलायची, पाठीवरच्या रेघांवरून अंगठा फिरवायची, बिजागरीपाशी नख लावायची, की टाकला डावीकडे नाहीतर उजवीकडे. मॅडम रिपोर्टशी ताडून बघत होत्या. एकही चुकला नाही.

"कमाल आहे हो! कुठे शिकलात?"

"संपात, बाय. नवरा घरी बसलेला. दोन्ही मिसळून दिल्या तर एक शिजते नि दुसरी रबरासारखी राहते. गिऱ्हाईक शिव्या घालायचं. मग शिकले."

"आता काय करतात ते?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी एवढंच म्हणायचं होतं, मॅडम, तो मीच. शी! जीभ झडली होती काय माझी? धुतलेलीच डिश मी पुन्हा धूत राहिलो.

"हापिसात असतात," गुणवंती म्हणाली. "मोठ्या."

"माझ्या लेखात तुमचं नाव छापणार मी. पूर्ण नाव सांगा."

"नको बाय. आमच्या घरात नाही चालायचं."

दाराबाहेर तिची तिसऱ्यांनी भरलेली पाटी होती. तिथे जाऊन ती थांबली आणि मागे वळून, मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, जरा हात लावता?"

मी गेलो. पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. भलतीच जड होती. वीस वर्षांच्या संसारात मी त्या पाटीला पहिल्यांदाच हात लावला.