नमुना कुटुंब

गाडी हायवे सोडून डावीकडं वळली, तेव्हा डॉ. श्रीपाल मगदूम यांनी पहिल्यांदा खिडकीबाहेर नीट पाहिलं आणि मागच्या सीटवरच्या दिपालीला हळूच विचारलं, "आपण नक्की कुणाकडं चाललोय?"

"त्रिशला पाटील, सर. माहेर निपाणी, सासर इकडं कागलच्या अंगाला. तुम्हीच सही केलाय की प्लॅनवर."

केली होती. विद्यापीठाच्या सीमावर्ती प्रदेश अभ्यास केंद्राचे संचालक झाल्यापासून ते वाचण्यापेक्षा सह्याच जास्त करत. बेळगाव सोडल्यापासून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत त्यांनी दिल्लीच्या समितीला दोन राज्यं, तीन भाषा आणि एकच ऊस समजावून सांगितला होता. केंद्र पुढं चालवायचं की गुंडाळायचं, ते ही समिती ठरवणार होती. आणि सीमेवरचं नमुना कुटुंब म्हणून दिपालीनं नेमकी संचालकांची सख्खी बहीण शोधून काढली होती. बिचारीचा दोष नव्हता. संचालकांना बहीण आहे, हे केंद्रात कुणाच्या कानावर यायचं कारणच नव्हतं.

त्रिशलाआक्का दारात उभी होती. पुढं समितीच्या अध्यक्षबाई, मग दोन प्राध्यापक, दिपाली, आणि सगळ्यांच्या मागं श्रीपाल. 'ही माझी बहीण' एवढंच म्हणायचं होतं. पण मग समिती म्हणणार, संचालकांनी घरचीच माणसं उभी केली. शिवाय सांगायचं तर गाडी वळतानाच सांगायला हवं होतं, आता उशीर झाला. उशीर झाला की गप्प बसायचं, ही श्रीपालांची जुनी सवय.

आक्कानं त्यांच्याकडं बघत जरा वाट पाहिली. मग पदर सारखा करून म्हणाली, "या सायेब. बसा."

चहा झाला. अध्यक्षबाई हिंदीतून विचारत, दिपाली मराठीत सांगे. आक्का म्हणाली, लग्न जमवताना राज्य कुणी बघितलं नव्हतं, विहिरीचं पाणी बघितलं होतं. बाजार निपाणीचा, भाजीचा भाव कानडीत पाडून घेता येतो, भांडणं म्हणाल तर ती पेपरात येतात. अध्यक्षबाईंचा चेहरा उतरत चालला. सुखी माणसावर अहवाल लिहिता येत नाही. शेवटी त्यांनी नेट लावून विचारलं, या सीमेनं तुमचं काहीच हिरावून घेतलं नाही का?

आक्कानं हातातला कप खाली ठेवला.

"माझं मालक वारलं तवा सख्खा भाऊ मातीला आला न्हाय," ती म्हणाली. "बेळगावास्नं निघालता. नाक्यावर बशी अडिवल्या."

ते हिंदीत सांगता सांगता दिपालीचा आवाज भरून आला. प्राध्यापकांची पेनं धावू लागली. अध्यक्षबाईंनी संचालकांना विचारलं, अशी उदाहरणं बरीच असतील?

"आहेत," श्रीपाल म्हणाले.

बस अडवल्या होत्या हे खरं, पण पुढच्या आठवड्यात. दाजी गेले त्या दिवशी वातावरण नुसतं तापलेलं होतं, रस्ता मोकळा होता, आणि केंद्राचं उद्घाटन होतं. फीत कापायला कुलगुरू यायचे होते. श्रीपालांनी आठवड्यानं फोन केला आणि बस अडवल्याचं कारण सांगितलं. इतिहासाच्या माणसाला एक तारीख अलीकडं ओढणं काय अवघड! पंधरवड्यानं येऊन सोफ्याच्या कडेला टेकून गेले. दुखवट्याची साडी माहेरनं आणायची असते, तीही राहिली ती राहिलीच.

मंडळी दिपालीबरोबर मळा बघायला गेली. श्रीपाल स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभे राहिले.

"आक्का, त्या दिवशी बशी चालू हुत्या."

"म्हाईत हाय की." आक्का कप विसळत होती. "निपाणीची मालुबाई बशीनंच आलती."

"मग त्यास्नी तसं का सांगितलंस?"

"ती बाई एवढ्या लांबनं आली. काय तरी दुखतंय ते सांगा म्हणती. दुखतंय ते सांगितलं." तिनं नळ बंद केला. "आता परक्याम्होरं भावाचं नाव कसं घिऊ? शिवेचं घेतलं. शीव काय भांडाय येत न्हाय."

"मी सांगतो त्यास्नी. आत्ताच सांगतो."

"सांग की रं. मी कुठं तोंड धरलंय तुझं?"

ते तसेच अंगणात आले. अध्यक्षबाई मळ्यातून खुशीत परतत होत्या. म्हणाल्या, अहवालाची सुरुवात या भावापासूनच करू, मग केंद्राची गरज काय असं कुणी विचारणार नाही. श्रीपालांनी घसा साफ केला. काही तरी सांगायचंय असं वाटून त्या थांबल्या, त्यांच्याकडं बघू लागल्या. परतताना नाक्यावर गर्दी होते, असं श्रीपालांनी सांगितलं. आपण लवकर निघालेलं बरं.

निघताना आक्कानं पाहुण्यांचा मान केला. बायकांना नारळ, पुरुषांना टॉवेल-टोपी. प्राध्यापकांनी फोटोपुरत्या टोप्या घातल्या आणि हसत काढल्या. श्रीपालांची पाळी शेवटी आली. ते गरजेपेक्षा जास्तच वाकले. आक्कानं टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, कलली होती ती दोन्ही हातांनी सरळ केली, टॉवेल खांद्यावर टाकला.

"परत या, सायेब," ती म्हणाली.

नाका ओलांडला तरी संचालकांची टोपी डोक्यावरच होती. अध्यक्षबाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. तुमच्याकडं ओळख ना पाळख, अशा माणसांचाही एवढा मान करतात का, त्यांनी विचारलं.

"हो," श्रीपाल म्हणाले. "परक्यांचा करतात."