केमिस्ट्रीचा रकाना

डी या अक्षराच्या पोटाशी, खालच्या वळणावर, हिरवी शाई जराशी साचली होती — लिहिणाऱ्याचा हात तिथे क्षणभर थांबला असावा, द्यावा की न द्यावा असं वाटून, किंवा नुसती शिंक आली असेल, प्राध्यापकांचं काय — आणि सत्यजित त्या ठिपक्याकडे इतका वेळ बघत बसला होता की शेजारच्या चहावर साय धरली. कागदावर चार विषय. इंग्लिश ए, हिस्टरी बी, स्टॅटिस्टिक्स बी, आणि शेवटी केमिस्ट्री... प्रत्येक अक्षर हाताने लिहिलेलं, प्रत्येकापुढे शिकवणाऱ्याची सही. टर्म संपायला तीन आठवडे असताना मुलगी कुठे उभी आहे ते सांगणारा कागद. तो स्कॅन करून आज शनिवारी पाचच्या आत युनिव्हर्सिटीला पाठवायचा होता. अकरा वाजत आले होते.

नुसता कागद मागितला असता तर एक वेळ... पण सोबत ईमेल होती. गोड होती, इथले लोक मानही गोड बोलून कापतात. आपण अर्जात या चालू विषयांच्या ग्रेड्स आधीच कळवलेल्या दिसतात, हे विषय तर अजून संपलेले नाहीत, तरी कृपया खुलासा करावा, अडीचशे शब्दांत, अर्जदाराने स्वतः.

अर्जदाराने! फेब्रुवारीत अर्ज भरला तो सत्यजितने. आन्या दोन वर्षं इथे अमेरिकेत, चँडलरमधल्या घरी राहून कम्युनिटी कॉलेजात शिकत होती, आता उरलेली दोन वर्षं मोठ्या युनिव्हर्सिटीत — आणि अर्ज भरायचा तो बापाने, त्यात विचारण्यासारखं काय होतं? त्याचा त्याच्या बापाने भरला होता. परभणीच्या कॉलेजात खिडकीमागचा कारकून बापावर खेकसला होता, "रकाना कोरा ठेवू नका हो मास्तर, कोरा दिसला की अर्ज बाद!" तेव्हापासून बापाने आणि मग त्याने आयुष्यात एकही रकाना कोरा सोडला नव्हता. जिथे काही नसेल तिथे 'लागू नाही'. तर या चार विषयांपुढे एक पर्याय होता, 'चालू आहे'. चालू आहे म्हणजे काय? म्हणजे काहीच नाही, म्हणजे कोराच. त्याने ए निवडला. चारही ठिकाणी. खाली आन्याचं नाव टाइप केलं, आणि वरील माहिती खरी आहे यावर टिचकी मारली.

"बाबा, यू डू इट," असं तीच म्हणाली होती सोफ्यावर लोळत. तीच म्हणाली होती.

बुधवारी हा कागद घेऊन ती केमिस्ट्रीवाल्याकडे गेली. तो भला माणूस म्हणाला, शुक्रवारी टेस्ट आहे, ती झाली की ये, कदाचित सी होईल. ही म्हणाली, आत्ताच लिहा.

"दोन दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" सत्यजित ओरडला होता.

"नसता झाला सी. आय नो, बाबा. मला केमिस्ट्री येत नाही."

इतकं सरळ. नाक शिंकरावं तसं. मला केमिस्ट्री येत नाही... हे वाक्य त्यांच्या घराण्यात कुणी उच्चारलं नसेल.

त्याची बायको सुवर्णा पर्स शोधत आली. "मी इंडियन स्टोअरला चाललेय. पेढे आणू, की थांबू?"

"टोमणे मारू नकोस."

"टोमणा कसला? मंडळाच्या पाडव्याला सगळ्यांना सांगितलंस, झालंच म्हणून. आज मंडळातल्या सुमित्राकाकूंकडे पॉटलक जेवण आहे. त्या विचारतील. काय सांगू? लागू नाही?"

ती गेली. बाहेर एप्रिलमध्येच ऊन पांढरं, कोरडं पडलं होतं, समोरच्या अंगणात खडी आणि एक निवडुंग, आणि त्या निवडुंगालासुद्धा ठिबकचं पाणी लावलेलं... वीस वर्षं तो या खडीकडे बघत होता.

खणात बॅटऱ्या होत्या, रबरबँड होते, उरलेले पासपोर्ट फोटो होते आणि हिरवं जेल पेन होतं. ते होतं हे त्याला रात्रीपासून माहीत होतं. डीच्या कमरेला एक आडवी रेघ, कमर जराशी आत ओढली की बी. एवढंच. कुणाला कळणार आहे? प्राध्यापक शंभर पोरांचे कागद लिहितो. टर्मअखेर खरी ग्रेड जाईल तेव्हा जाईल, म्हणता येईल, शेवटी घसरली बिचारी... त्याने एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर डी काढला. त्याचा बी केला. जमला नाही, पोट फुगलं. दुसरा. तिसरा बरा होता.

मोजलं नसेल तर लिहायचं नाही. हे त्याचंच वाक्य, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात शिफ्टच्या सुरुवातीला पोरांना सुनावायचं. मागच्या वर्षी विक्रम नावाच्या एका पोराने न मोजताच रीडिंग भरलं, तर ते सत्यजितने सरळ वर कळवलं. गेला तो. व्हिसाही गेला असेल. तेव्हा झोप उडाली नव्हती.

आणि मी? मी मोजलं होतं? बारावीचं प्रॅक्टिकल, ब्युरेटची तोटी, फिकट गुलाबी रंग यायला हवा तिथे भडक गुलाबी झालेला फ्लास्क, थेंब कधी जास्त पडले कळलंच नाही... मागून लॅबचा शिपाई पुटपुटला, "साडेनऊ एमएल लिही, साडेनऊ." आदल्या दिवशी मामाने बाहेरून आलेल्या परीक्षकाला घरी जेवायला नेलं होतं. विसापैकी एकोणीस. इंजिनीअरिंगची यादी एका मार्काने गाठली. हे घर, ही खडी, ही मुलगी, तिची अमेरिकन ए, बी, सी, डी... सगळं त्या साडेनऊवर उभं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सुवर्णालाही. आन्याला तर उलटं सांगितलं होतं, आम्ही कंदिलात अभ्यास केला, वगैरे. कंदील कुठला, घरात ट्यूबलाइट होती.

"बाबा, माझी कारची की बघितलीस?"

आन्या कामाच्या शर्टात, केस ओले. किल्ली टेबलावरच होती, पाकिटाजवळ. तिने किल्ली उचलली आणि हात तसाच राहिला. पाकिटावर डींची रांग होती, उजवीकडे जाता जाता बी होत गेलेली, हिरवी.

"व्हॉट इज धिस?"

"पेन चालतंय का बघत होतो."

तिने रांग शेवटपर्यंत वाचली. "इट वर्क्स," ती म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याच्याकडे ओरडण्याची उत्तरं होती, कष्टांची, त्यागाची, सगळी तयार. ती दाराशी जाऊन थांबली.

"तुला किती होते केमिस्ट्रीत?"

आता. आत्ताच. जिभेवर सगळं आलं होतं, ब्युरेट, शिपाई, मामाने आग्रह करून वाढलेलं मटण...

"प्रॅक्टिकलला एकोणीस," तो म्हणाला. "विसापैकी."

"वॉव." त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. "देन आय गॉट आईचा ब्रेन. बाय."

गॅरेजचं दार करकरत वर गेलं, गाडी बाहेर पडली, दार खाली येऊ लागलं, आणि ते जमिनीला टेकलं तेव्हा त्याच्या छातीतही काहीतरी खाली बसलं — हलकं, थंड, गोडसर. तिने पुढे विचारलं नव्हतं. हे हलकेपण त्याने ओळखलं. परभणीला यादीत नाव दिसलं त्या दिवशी ते पहिल्यांदा आलं होतं, आणि इतकी वर्षं तो त्याला आनंद समजत आला होता.

तो आनंद नव्हता. नुसतं सुटणं होतं.

स्क्रीनवर खुलाशाची चौकट होती, कोपऱ्यात आकडा, दोनशे पन्नास शब्द शिल्लक. अर्जदाराने स्वतः. त्याने बोटं ठेवली. आन्याच्या नावाने लिहायला त्याच्याकडे वाक्यं होती, कितीतरी, इंग्रजीत, नम्र. स्वतःच्या नावाने एक सुचेना. हिरवं पेन उघडंच होतं, आणि डीच्या पोटातला तो ठिपका आता काळपट दिसत होता.