नावावर न झालेली गाडी

मी एक गाडी बोलतेय. मी पांढरी होते असं सांगितलं तर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या वाळूच्या टिपरांशेजारी माझा सांगाडा उभा आहे. टायर नाहीत, काचा नाहीत, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा उरल्यात. पावसानं राख धुऊन नेली आणि आता पत्र्याला गंज चढू लागलाय.

येणारे-जाणारे मला बघून म्हणतात, "अचानक पेटली म्हणं." हे ऐकलं की माझा संताप होतो. मी अचानक पेटले नाही. मला पेटायला दीड वर्ष लागलं आणि त्या दीड वर्षात मी रोज सांगत होते. आम्हा गाड्यांना तोंड नसतं, म्हणून वासानं सांगत होते. ऐकणारं एकच माणूस होतं आणि ते आठ वर्षांचं होतं.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. एका पट्ट्यावरून आम्ही सगळ्या बहिणी सरकत होतो आणि पुढे उभा असलेला प्रत्येक जण अंगावर काहीतरी बसवत होता. टाकीतून पेट्रोल नेणाऱ्या पाइपाला एक रबरी जोड बसवला गेला. त्या खेपेचं रबर कच्चं होतं. हे बसवणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी आपली चकचकीत अंग मिरवत बाहेर पडले.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते युसूफ वडगावच्या सुंदररावांनी. गावात मोठी जमीन, राजकारणात ऊठबस, पंचायत समितीचं सभापतिपद एकदा भोगलेलं. मी आले त्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी, वनमालानं, मला ओवाळलं. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'माजी सभापती' लागलं. चार वर्षं मी लग्नं, मयती आणि सभा करत फिरले. मग त्यांच्या दारात मोठी काळी गाडी आली आणि मी लिंबाखाली उभी राहिले. कोंबड्या माझ्या सावलीला बसायच्या.

तिथून मला बसप्पांनी नेलं. गावच्या बाजारपेठेत त्यांचं खत-बियाणांचं दुकान. कपाळावर ईभूतीचे, म्हणजे भस्माचे, पट्टे, गळ्यात इष्टलिंग, बोलणं हळू, वजनात कधी ग्रॅमची खोट नाही. असा माणूस मालक मिळाला म्हणून मी सुखावले होते. व्यवहार सुंदररावांच्या ओसरीवर झाला. शंभराच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या, चहा आला आणि सुंदरराव म्हणाले, "आप्पा, नावावर कवा करायची? आरटीओत आपला माणूस हाय. दोन दिसाचं काम."

बसप्पा हसले. "कशाला घाई करता, सभापती? नाव तुमचंच ऱ्हाऊ द्या. नाक्यावर आमच्या नावाला कोण इचारतंय?"

सुंदररावांना हे ऐकून बरं वाटलं. पद जाऊन किती वर्षं झाली, तरी आपल्या नावाला अजून वजन आहे, असं वाटून त्यांची मान ताठ झाली. "ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले.

माझं वाटोळं त्या एका वाक्यानं केलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. एकाला नावाचा उपयोग हवा होता आणि दुसऱ्याला नावाचा मान.

आणि उपयोग होतही होता. मांजरसुंब्याच्या चौकात वाहतूक पोलिसानं हात केला की बसप्पा काच खाली करून म्हणायचे, "सभापतींची गाडी हाय." कागदावर सुंदररावांचं नाव, काचेवर लाल अक्षरं. पोलीस सलाम ठोकायचा. माझा मागचा दिवा फुटलेला होता. मागच्या सीटबेल्टचं कुलूप धरत नव्हतं. मागच्या डाव्या दाराचं बाहेरचं हँडल खिळखिळं झालेलं. कुणी अडवलं नाही, त्यामुळे कुणी दुरुस्तही केलं नाही. एखाद्यानं दंड केला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

तिसऱ्या उन्हाळ्यात तो रबरी जोड तडकला. थेंब थेंब पेट्रोल झिरपायला लागलं. जोड मागच्या सीटच्या बरोबर खाली, त्यामुळे वास आधी मागेच यायचा. मागे बसायच्या बसप्पांच्या पत्नी जगदेवी आणि त्यांची नात रुद्राणी. गाव सुटून दोन मैल झाले की रुद्राणीचं तोंड पांढरं पडायचं. मग ओकारी.

"पोरीला गाडी लागती," घरात ठरून गेलं. जगदेवी जाताना लिंबू घ्यायच्या, पिशवी घ्यायच्या. तिला डाव्या खिडकीशी बसवून काच पूर्ण खाली करायच्या.

"आज्जी, पेट्रोलचा वास येतोय," रुद्राणी म्हणायची.

"आगं, गाडी हाय ती. पेट्रोलचा न्हाई तर काय अत्तराचा यील?"

सगळे हसायचे. रुद्राणी लिंबू नाकाशी धरून तोंड खिडकीबाहेर काढायची. पुढे बसप्पांनाही वास जाणवायला लागला. त्यांनी काय करावं? निघताना ते आत मोगऱ्याची उदबत्ती लावायला लागले. रोज सकाळी, पेट्रोल ठिबकणाऱ्या गाडीत, जळती उदबत्ती. पण ती लावून हात जोडणारा माणूस इतका भक्तिभावाचा होता की मला रागावताही येईना.

इकडे कंपनीला त्या कच्च्या रबराचा पत्ता लागला होता. त्यांनी प्रत्येक मालकाला पत्र धाडलं. जोड सदोष आहे, गळती होऊ शकते, गाडी शोरूमला आणा, फुकट बदलून देतो. माझं पत्रही निघालं आणि सुंदररावांच्या बंगल्यावर पोहोचलं. मालक तेच ना, कागदोपत्री. तिथे लग्नपत्रिकांचा आणि लोकांच्या अर्जांचा ढीग असतो, त्यात ते गेलं. दुसरं पत्रही तसंच गेलं. फोनवर निरोप आले, ते सुंदररावांनी जाहिरात समजून पुसले. तिसरं पत्र वनमालाच्या हाती लागलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं आणि लगेच बसप्पांना फोन लावला.

"आप्पा, तुमच्या गाडीच्या पेट्रोलच्या पाइपात खोट हाय म्हणं. कंपनीचं पत्र आलंय. बीडला शोरूमला न्या, पैसे बी घेनार न्हाईत. वास येतो का तुमाला?"

"येतो जरासा."

"मग आजच न्या, आप्पा. लेकरू बसतंय त्यात."

बसप्पांनी फोन ठेवला. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते गेल्यावर त्यांनी गल्ल्यावर बोटं वाजवत विचार केला. शोरूमवाले विचारतील, मालक कुठे आहेत. मग तुम्ही कोण. मग तीन वर्षं नावावर का केली नाही. विमा कुणाचा. एक धागा ओढला की सगळंच उसवणार. इतकं काही झालं नसतं. शोरूमवाल्यांना फक्त माझ्या अंगावर कोरलेला नंबर हवा होता. पण हे सांगणार कोण? बसप्पा मला बीडला न नेता एसटी स्टँडजवळ म्हाळूच्या गॅरेजला घेऊन गेले.

म्हाळू हाताचा कसबी. मागची सीट उचलून त्यानं पाहिलं, कपडे धुवायच्या साबणाची वडी मळून तडकलेल्या जागी लिंपली आणि वरून टेप गुंडाळली. आमच्या भागात टाकी गळली की पहिला उपाय हाच. साबणाला पेट्रोल लवकर विरघळवत नाही.

"आप्पा," म्हाळू हात पुसत म्हणाला, "हे आठ दिसाचं काम हाय. पाइप बदलून घ्या."

"घेतो की."

वास थांबला. बसप्पांना वाटलं, झालं. महिन्यानं वास पुन्हा आला, पुन्हा साबण लागला. मग तिसऱ्यांदा. मधे वनमालाचा परत फोन आला. "आप्पा, नेलती का गाडी?"

"नेलती," बसप्पा म्हणाले.

आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. म्हाळूकडे नेली होती, तेवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली. तिकडे वनमालाचाही जीव भांड्यात पडला.

तो सोमवार होता. कपिलधारला दर्शनाला निघालेले तिघं. बसप्पा चालवायला, मागे जगदेवी आणि त्यांच्या डाव्या हाताला खिडकीशी रुद्राणी. मागची दोन्ही दारं आतून उघडू नयेत म्हणून मुलांचं लॉक लावलेलं. नेकनूरच्या पुढे रस्त्याच्या कामात एक खड्डा लागला, मी आपटले आणि साबणाचं लिंपण निखळलं. रुद्राणीला उमळून आलं. मांजरसुंब्याला एका ढाब्यासमोर भर दुपारी बसप्पांनी गाडी उभी केली. "लिंबू सोडा आनतो पोरीला," म्हणून उतरले. इंजिन चालूच होतं.

ठिणगी कुठून पडली हे मलाही सांगता येणार नाही. उदबत्ती केव्हाच विझली होती. खाली तापलेला सायलेन्सर होता, वायरी होत्या. जगदेवींच्या पायाखालून जाळ वर आला. उजव्या दारावर तो चढला, म्हणजे मागचं बाहेरून नीट उघडणारं एकच दार गेलं. बाईनं एक क्षणही वाया घालवला नाही. नातीला कमरेला धरून उघड्या खिडकीतून बाहेर लोटलं. ढाब्यावरच्या माणसांनी तिला झेललं. पोटरीला भाजली, पण वाचली.

जगदेवींना त्या खिडकीतून निघता येईना. अंग जड, गुडघे दुखरे. बसप्पा सोड्याच्या बाटल्या टाकून धावले आणि डाव्या दाराचं हँडल ओढलं. ते त्यांच्या हातात आलं. त्यांनी तापल्या पत्र्यावर नुसत्या हातांनी दार ओढलं, बुक्क्या मारल्या. मी काय करणार होते? मीच तर जगदेवींना धरून ठेवलं होतं. शेवटी कुणीतरी पुढून आत शिरून त्यांना ओढून काढलं. तिसऱ्या दिवशी बीडच्या दवाखान्यात त्या गेल्या.

पंचनाम्याच्या वेळी साहेबांनी विचारलं, "गाडी कुणाची?" सुंदरराव आले होते. त्यांच्या खिशात तो स्टॅम्प पेपर होता, पण त्यांचा हात खिशाकडे जाईना. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेले बसप्पा म्हणाले, "माझी हाय. लिवा."

"कागदावर सुंदररावांचं नाव आहे."

"कागदाचं ऱ्हाऊ द्या, साहेब. माझी हाय."

वनमाला त्या दिवसापासून कुणाशी नीट बोलत नाही म्हणतात. दुसऱ्या फोनला आपण 'कुठं नेलती' एवढं विचारलं असतं तर, हेच तिच्या डोक्यात फिरतं. रुद्राणीला पट्टी बदलायला एसटीनं बीडला नेतात. दोन तासांचा रस्ता, खच्चून भरलेली बस. तिला एकदाही ओकारी झाली नाही.

माझा निकाल लागला की मी भंगारात जाईन. जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या दारात उभी असलेली गाडी कुणाच्या नावावर आहे ते आज बघा. तिच्याबद्दल कुणी काही कळवलंय का, याची तिच्या पहिल्या मालकाकडे चौकशी करा. वास येत असेल तर उदबत्ती लावू नका, किल्ली काढून घ्या. आणि मागच्या सीटवरचं पोरगं काही म्हणत असेल तर आधी खाली वाकून बघा. हसायचं ते मग हसा.

परवा बसप्पा ठाण्यात आले होते. सहीसाठी बोटं मिटेनात म्हणून अंगठा दिला. मग मागे येऊन माझ्याजवळ कितीतरी वेळ उभे राहिले. हवालदार म्हणाला, "चला आप्पा, आता काय बघताय त्यात?"

"साहेब," बसप्पा म्हणाले, "आमच्यात मेलेल्या मानसाला सुदीक आग लावत न्हाईत. ईभूत लावून, बसवून माती देत्यात. मी तिला जित्तीपनी लावली."