बाटल्यांचं जॅकेट

लेकीच्या अंगात लाइफ जॅकेट झग्यासारखं लोंबत होतं आणि बोट पहाटे सुटणार होती. वीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलेल्या बाईला ते कसं बघवणार? दोन्ही बाजूंनी थोडं आत घ्यावं म्हणून तिने शिवण उसवली आणि तिचा हात थांबला. आत निघाला तो खोक्यात काचसामान भरताना घालतात तो साधा स्पंज.

तिने एक तुकडा बादलीत टाकला. तो घटकाभर तरंगला, मग पाणी पीत पीत तळाशी जाऊन बसला.

सासरे बोटीच्या दलालाशी भांडायला गेले आणि हात हलवत परत आले. यायचं तर या, तुमच्या जागेला दहा जण तयार आहेत, एवढंच तो म्हणाला. मागे फिरायला घर उरलं नव्हतं. दुकानासकट सगळी गल्ली जळाली होती. आणि समुद्रापलीकडे तिचा नवरा होता. सहा महिन्यांपूर्वी तो पुढे गेला, पोहोचल्याचा फोन मात्र अजून आला नव्हता. त्याला फोनचा मुळातच कंटाळा, असं म्हणून सासरे रोज वेळ मारून नेत.

रडत बसायला सवड नव्हती. तिने सासऱ्यांना घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटल्या आणायला पिटाळलं. जन्मात कधी भाजीची पिशवी न उचललेल्या माणसाने त्या दुपारी साऱ्या कचराकुंड्या पालथ्या घातल्या. प्रत्येक बाटली ती बादलीत दाबून धरी. बुडबुडा आला की बाद. संध्याकाळी लेकीचं जॅकेट झालं. चालताना ते कडकड वाजायचं, म्हणून पोर खोलीभर मुद्दाम नाचली. मग तिने सासऱ्यांचं जॅकेट मांडीवर घेतलं.

"तो यातलंच घालून गेला ना?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

नवऱ्याचं जॅकेटही त्याच दलालाकडचं होतं. तेव्हा तिने टाके तपासून नाक मुरडलं होतं. तिची नजर शिवणीवरच गेली. आत काय भरलंय हे बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

"हो, बाबा," ती म्हणाली. "मीच त्या जॅकेटला दुहेरी शिवण घातली. वाटेत उसवू नये म्हणून."

सासऱ्यांनी बादलीकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं अर्धवट उसवलेलं जॅकेट तिच्या मांडीवरून उचललं.

"माझं राहू दे. आधी तुझं कर," ते म्हणाले. "तिकडे पोरीला तुझ्याशिवाय आहे कोण?"

तिने डोळे पुसले आणि आपलं जॅकेट उसवायला घेतलं.