फुलाफुलांच्या खोळीतली पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. वय अकरा दिवस. हसू नका मित्रांनो, आमच्या कुळात बहुतेकजणी पाचव्या दिवशी जातात. त्या हिशोबाने मी पणजी आहे.

माझं बालपण बंद पाकिटात गेलं. तिथे काहीच घडलं नाही, म्हणून ते सुखाचं होतं. मग पाकीट फाडून मला एका नळीच्या टोकाला अडकवलं. नळीचं दुसरं टोक मावशींच्या पोटात होतं.

मावशी कोट शिवायच्या. खडे झाले म्हणून पित्ताशय काढताना त्यांची पित्तनलिका दुखावली. पित्ताची वाट बुजली आणि मावशी पिवळ्याधमक झाल्या. तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याच आतड्याचा एक तुकडा वर नेऊन यकृतापाशी उरलेल्या नलिकेला शिवला. मी त्या शिवणीची पहारेकरी. माझ्यात लालसर पाणी आलं तर ठीक. हिरवं आलं तर शिवण गळते आहे. विचार करूनच मला धडकी भरायची.

"टाके किती घातले?" शुद्धीवर येताच मावशींनी विचारलं.

"बारा," डॉक्टर म्हणाले.

"दुहेरी शिवण ना?"

"एकेरी."

मावशींचा चेहरा पडला. "एकेरीवर मी बाहीसुद्धा सोडत नाही हो!"

तेव्हापासून मावशी माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे. दोघी सारख्याच घाबरलेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर मला रिकामी करून गेल्यावर त्यांची लेक आली आणि तिने मला फुलाफुलांची खोळ घातली.

"सारखं बघून जीव टांगणीला लावतेस, आई. आता बघायचंच नाही."

"किती गोड दिसते!" शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या. आयुष्यातलं पहिलं कौतुक! मी फुगले.

दुपारी जास्तच फुगले. नळीतून कोमट काहीतरी उतरत होतं. हिरवं! ओरडावं तर मला तोंड एकच, तेही खाली आणि चिमट्याने बंद. बाहेर गुलाब फुललेले, आत मी हिरवीगार, आणि मावशी दोन दिवसांत पहिल्यांदाच निवांत झोपलेल्या.

संध्याकाळी त्या जागल्या. त्यांची नजर खोळीवर गेली. "ही कड कोणी दुमडली?"

"मी," लेक म्हणाली.

"दुमडलीस की चुरगळलीस? आण इकडे, उसवते."

त्यांनी नखाने टाका तोडला, कापड बाजूला केलं आणि हिरवं पाहिलं. मग हाक मारली, "सिस्टर!"

डॉक्टर धावत आले. "जोड थोडा गळतोय. पित्त पोटात न साचता पिशवीत येतंय तोवर वाट बघू, गळती आपोआप थांबेल. वाढलं किंवा ताप आला, तर पोट पुन्हा उघडावं लागेल."

"उघडलंत तर दुहेरी घाला," मावशी म्हणाल्या. लेक खोळ तोंडाशी धरून रडत होती.

पुढे रोज सकाळी सिस्टर मापात माझं पोट रिकामं करायच्या आणि आम्ही सगळे श्वास रोखायचो. पाचव्या दिवशी वाढलं. त्या दिवशी मावशींनी लेकीला शिलाई मशीन कोणाला द्यायचं ते सांगून टाकलं. सातव्या दिवशी मात्र कमी झालं. नवव्या दिवशी नुसता डाग. आज काहीच नाही.

"टिकली म्हणायची एकेरी," मावशी नाइलाजाने म्हणाल्या.

मित्रांनो, आमची नळी ओढू नका आणि आम्हाला सजवू तर मुळीच नका. आमच्याकडे बघून भीती वाटते ना? वाटू द्या, पण बघा.

नळी काढल्यावर, टाकून देण्याआधी सिस्टरने मला खिडकीशी उजेडात धरलं. माझ्या आरपार मावशी दिसल्या असतील, खाटेवर बसून खोळीची कड नीट दुमडून शिवणाऱ्या. माझ्यात काहीच नव्हतं. हे दुसरं कौतुक.