कोपऱ्यातल्या खोलीचं माप

भिंत, उत्तरेकडची. दीडशे वर्षांची वीट, बाहेरून दगडी वेलबुट्टी. वेलबुट्टी वारसा यादीत आहे, तिला हात लावायचा नाही. म्हणून थंडी अडवणारा थर आतून बसणार. जाडी दहा सेंटीमीटर.

टेपचं दुसरं टोक आत्याच्या हातात. चाळीस वर्षं तिनं या एका खोलीत लोकांचे कपडे शिवले, इथंच ती राहते. या कामासाठी सगळ्या भाडेकरूंच्या सह्या तिनंच जमवल्या, दुखरे गुडघे घेऊन, चार मजले चढून.

"एकदा भिंती गरम होऊ देत," ती म्हणते. "मग बघ माझी बोटं."

भिंत, पूर्वेकडची. तीच वीट, तोच थर.

(अहवालात हे लिहीत नाहीत. नऊ चौरस मीटरच्या खाली गेलेली खोली नियमानं राहण्याची खोली उरत नाही. भाडेकरूला निघावं लागतं. आत्याला हे माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मोजतोय मीच.)

लांबी. मी टेप सैल सोडतो.

"ओढ की! शिंपिणीच्या घरात ढिलं माप?"

"दोन बोटांनी काय होतंय, आत्या?"

"दोन बोटांनी बाही आखूड होते, गाढवा."

ती स्वतःच ओढते. तीन मीटर दहा.

रुंदी दोन पंच्याण्णव. दोन्हींतून थराचे दहा-दहा सेंटीमीटर वजा. उरतात साडेआठ चौरस मीटर आणि वर चिमूटभर.

खिडकीचा कोनाडा. अर्धा चौरस मीटर. मोजायचा नसतो. मोजला तर नऊ भरतात. मी लिहितो.

चष्मा लावून ती वहीत डोकावते. "हा कोनाडा कशाला धरलास? मी काय त्यात उभी राहून झोपू? खोड आधी. भाच्यानं आत्यासाठी लबाडी केली म्हणून सगळ्यांचं काम अडलं, तर चार मजल्यांना काय तोंड दाखवू?"

तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर ती लबाडीला तयार झाली असती, किंवा नसती. दोन्ही बघायची माझी छाती नव्हती.

खोडलं.

क्षेत्रफळ, थरानंतर: आठ पूर्णांक पंचावन्न.

वापर:

हा रकाना मी कचेरीत भरतो. 'साठवण' असं लिहायचं असतं. तो कोरा असतानाच आत्या खाली सही करते, एकेक अक्षर टाका घालावा तसं.

"काम कधी सुरू?"

"महिन्याभरात."

"बरं झालं बाबा, आपल्याच माणसानं मोजलं," ती म्हणते. "परका असता तर काहीही लिहून गेला असता."