आधी विचारायचा प्रश्न

आमच्या सेवाभावी संस्थेचा पहिला दवाखाना शिंपीणमावशींच्या पुढच्या खोलीत उघडला, तेव्हा डॉक्टरीणबाईंपाशी एक टेबल होते आणि माझ्यापाशी दार. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु बाईंनी मला एकच नियम दिला होता. आलेल्या माणसाला काय होत आहे हे आधी विचारायचे, नाव नंतर. मावशी कपाटापलीकडे शिवणयंत्र चालवीत असत. माझा प्रश्न कानी आला नाही, तर यंत्र थांबवून खाकरत.

एकाचे नऊ दवाखाने झाले. मी नऊही दारांवरील माणसांचा मुख्य झालो. नंबर देणारे यंत्र आले आणि तो प्रश्न हळूहळू मागे पडला. कोणी बंद करविला असता तर त्याच्यावर बोट ठेवता आले असते. पण तसे कोणीच केले नाही.

नवव्या दवाखान्याच्या उद्घाटनाच्या सकाळी मावशी आल्या. पाहुणे यायचे होते आणि माझ्या हाती खुर्च्यांची यादी होती. मी मान वर न करताच नंबर विचारला. नाही म्हणाल्या, तेव्हा गुरुवारचा दिला. अजून तीन दिवस होते.

"गुरुवारी तर गुरुवारी," त्या हसल्या. "मोठे झालात रे बाबांनो. मोठं घर, पोकळ वासा."

पायऱ्या उतरताना त्या भिंतीला हात लावत गेल्या. ते मी पाहिले, आणि पाहूनही यादीकडे वळलो.

मावशींच्या उजव्या डोळ्यापुढे उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळपासून काळी सावली सरकत होती, हे गुरुवारी कळले. बाईंनी तत्काळ मोठ्या रुग्णालयात धाडले. नेत्रतज्ज्ञ म्हणाले की सोमवारी आणले असते, तर डोळा बहुधा वाचला असता. डावा पूर्वीपासूनच अधू.

मी बाईंजवळ सर्व कबूल केले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"तुम्ही विचारलं नाही?" एवढेच त्या म्हणाल्या.

मावशी आता केवळ बटणे लावतात, तीही चाचपून. कामावर जाण्यापूर्वी मी रोज त्यांच्या दिवसभराच्या सुया ओवून ठेवतो. पहिल्या दिवशी क्षमेची वाक्ये रात्रभर जुळवून गेलो होतो. दोन झाली, तिसऱ्याला त्यांनी हात वर केला.

"पुस्तकातलं राहू दे. तुला काय होतंय, ते सांग."

मी सुई उजेडाकडे धरली. दोरा चौथ्या खेपेस गेला.